नानांची पासष्टी

आमच्या पुणतांब्याला वाहनांचा इतिहास फार जुना. इतर गावांत तो बैलगाडीपासून सुरू होतो, आमच्याकडे वाघापासून. चांगदेव महाराज चौदाशे वर्षं जगले, वाघावर बसून, हातात सापाचा चाबूक घेऊन ज्ञानदेवांच्या भेटीला निघाले, आणि समोरून ती चार भावंडं भिंतीवर बसून आली, ही कथा तुम्हाला ठाऊक आहेच. त्या चांगदेवांची समाधी आमच्या गावात गोदावरीकाठी आहे. लहानपणापासून माझं एक खाजगी मत असं की, या कथेतला मेकॅनिकल भाग कीर्तनकारांनी कायम दुर्लक्षिला. वाघ काय, जिवंत प्राणी. खायला घातलं की चालणारच. निर्जीव भिंत चालवून दाखवणं हे खरं काम.

आमच्या पडवीत अशीच एक भिंत उभी होती. तिच्यावर दोन पोती, एक फुटकी बादली, आणि सकाळच्या वेळी शेजाऱ्यांची कोंबडी. पोती बाजूला केली की खाली १९६९ सालची जावा मोटारसायकल निघे. वडिलांनी, म्हणजे नानांनी, ती १९७१ साली साखर कारखान्यातल्या एका इंजिनिअरकडून जुनी म्हणून विकत घेतली. नाना कारखान्याच्या शेतकी खात्यात होते. ऊस कुणाचा किती वाढला, तोड कधी द्यायची, हे बघत शिवाराशिवारातून हिंडण्यात त्यांची नोकरी गेली आणि नोकरीबरोबर जावाही गेली. १९९९ साली ती जी बंद पडली ती पडलीच. मी बी. कॉम. होऊन बँकेत लागलो, माझं लग्न झालं, चिरंजीव झाले, आई गेली. जावा आपली भिंतीसारखी उभी.

आई गेल्यापासून नानांचं बोलणं कमी झालं. आता त्यांचं वय ऐंशी. सकाळी 'चहा' आणि रात्री 'दार लावलं का?' एवढ्या दोन वाक्यांवर दिवस निघे. अशात एक दिवस भंगारवाला आला, जावाकडे बघून त्याने किलोचा भाव सांगितला, आणि सौ. म्हणाली, "अहो, देऊन टाका. तेवढीच पडवी मोकळी होईल." मी नानांकडे बघितलं. नाना म्हणाले, "गाडी तुझी. मला काय विचारतोस?" हे त्या महिन्यातलं त्यांचं सगळ्यात मोठं भाषण. ते संपवून ते उठून आत गेले. भंगारवाल्याला मी चहा पाजून परत पाठवला.

आता माझ्यातला बँकवाला जागा झाला, हे कबूल करतो. केंद्र सरकारने २०२१ साली एक नियम काढला. पन्नास वर्षांहून जुनी, मूळ स्वरूपात राखलेली दुचाकी किंवा चारचाकी असेल तर तिची 'व्हिंटेज' म्हणून नोंदणी करता येते. नव्या नोंदणीची फी वीस हजार रुपये, मुदत दहा वर्षं, आणि नंबरपाटीवर 'व्हीए' अशी खास अक्षरं. माझ्या डोळ्यांसमोर ती पाटी चमकू लागली. गावात माझी ओळख 'पासबुक भरून देणारे' अशी आहे. ती बदलून 'व्हिंटेजवाले' अशी होणार असेल तर वीस हजार काही फार नाहीत, असं मी सौ.ला सांगितलं. तिने फक्त कपाळाला हात लावला.

पण नोंदणीसाठी गाडी चालू हवी, आणि गाडीचं इंजिन जाम. तेव्हा इंजिन घरीच उघडायचं ठरलं. 'घरीच' हा निर्णय माझा, आणि 'उघडायचं' हे काम मिस्त्रींचं. मिस्त्री साठीचे. त्यांचे वडील, म्हणजे थोरले मिस्त्री, साखर कारखान्याच्या वर्कशॉपात फिटर होते. आमच्या भागात चांगले फिटर कसे निपजले याचं पुण्या-मुंबईच्या माणसांना नवल वाटतं. त्यात नवल काही नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला गोदावरीचे कालवे आले, कालव्यांमागून ऊस आला, उसामागून कारखाने. आमच्या पुणतांब्याला चांगदेव शुगर मिल्स होती, आणि १९५० साली तिकडे प्रवरेला विखे पाटलांचा सहकारी कारखाना उभा राहिला. विहिरी-विहिरींवर ऑइल इंजिनं धडधडू लागली. किर्लोस्करांची ऑइल इंजिनची कंपनी १९४६ सालची. जिथे इंजिन आलं तिथे ते बिघडणं आलं, आणि बिघडलं की पुण्याहून माणूस येईपर्यंत ऊस थांबत नाही. त्यामुळे लेथ, वेल्डिंग आणि शिव्या या तिन्ही गोष्टींत आमचा भाग फार लवकर स्वयंपूर्ण झाला.

मिस्त्रींनी पहिल्या दिवशी काहीच उघडलं नाही. प्लग काढला, त्या भोकातून ऑइल आणि रॉकेल ओतलं आणि म्हणाले, "भाऊसाहेब, आठ दिवस राहू द्या." मी म्हणालो, "मग आज काय करायचं?" ते म्हणाले, "आज चहा."

त्या आठ दिवसांत मी जावाचा इतिहास वाचून काढला. हा इतिहास आमच्या पडवीला न शोभण्याइतका थोर निघाला. चेकोस्लोव्हाकियात यानेचेक नावाचे एक शस्त्रांचे कारखानदार होते. त्यांनी १९२९ साली जर्मनीच्या वाँडरर कंपनीची मोटारसायकल घेतली, आणि यानेचेकचा 'या' आणि वाँडररचा 'वा' जोडून 'यावा' केलं. आपण स्पेलिंग बघून 'जावा' म्हणतो. म्हणजे नावातच भागीदारी. पुढे हिटलरने तो देश गिळला आणि कारखान्यात जर्मनांची कामं सुरू झाली. तिथल्या इंजिनिअरांनी दिवसा साहेबाचं काम करायचं आणि चोरून लढाईनंतरची नवी अडीचशेची गाडी आखायची. ती रस्त्यावर तपासायची झाली की टाकीवर डीकेडब्ल्यू या जर्मन गाडीचं नाव लावून बाहेर काढायची. ऑफिसच्या वेळेत वरिष्ठांच्या नाकाखाली स्वतःचं काम करणारे लोक मी पुष्कळ पाहिले आहेत, पण त्यातून १९४६ साली पॅरिसच्या प्रदर्शनात सुवर्णपदक मिळवणारे हे एवढेच.

त्याच घराण्यातलं पुढचं, मागे झुलत्या फोर्कचं मॉडेल १९५४ साली निघालं. मुंबईचे रुस्तम आणि फारुख इराणी त्या गाड्या आयात करत होते. आयातीवर बंधनं आली तेव्हा त्यांनी म्हैसूरला 'आयडियल जावा' नावाचा कारखानाच काढला, आणि १९६१ पासून जावा म्हैसूरला बनू लागली. पुढे चेक कंपनीशी करार संपला. १९७३च्या सुमारास त्याच गाडीचं नाव 'येझदी' झालं. इराणातलं यझ्द हे इराणी मंडळींचं मूळ गाव, त्यावरून. म्हणजे गाडी चेक, नाव इराणी, पाणी म्हैसूरचं आणि चिखल आमच्या काळ्या रानाचा. १९९६ साली तो कारखाना बंद झाला. जावाचं नाव लावलेल्या नव्या गाड्या २०१८ साली पुन्हा आल्या, पण त्या चार स्ट्रोकच्या. आमची दोन स्ट्रोकची, धूर सोडून आपण आल्याची वर्दी देणारी.

या गाडीत एक खास सोय आहे. किक आणि गिअर यांना दांडा एकच. तो आत दाबून वर फिरवला की किक, मारून झाली की पुन्हा खाली आणून गिअर. मी हे पहिल्यांदा समजून घेतलं तेव्हा मला फार आपलेपणा वाटला. एकाच माणसाला सकाळी कॅश आणि दुपारी क्लिअरिंग बघायला लावायची पद्धत आमच्याच धंद्यात आहे असं मी समजत होतो.

नवव्या दिवशी हेड उतरलं, बोअर उतरला. लाकडाचा ठोकळा लावून मिस्त्रींनी जे हळूहळू ठोकलं त्याला 'ठोकणं' म्हणवत नाही. बाळाला थोपटावं तसं. पिस्टन सुटला. त्याच्या डोक्यावरचा काजळीचा थर खरवडला तेव्हा '१.००' असा आकडा दिसला, आणि मिस्त्रींनी चुकचुक केलं.

इथे थोडा हिशेब सांगतो. जावाचा बोअर मुळात ६५ मिलिमीटरचा. आमच्या गावच्या माणसाला पासष्ट म्हटलं की दुसरं काय आठवणार? चांगदेवांनी ज्ञानदेवांना कोरंच पत्र पाठवलं, त्याला उत्तर म्हणून ज्ञानदेवांनी ज्या पासष्ट ओव्या लिहिल्या ती चांगदेवपासष्टी. असो. तर पिस्टन घासून घासून बोअर झिजतो, त्यावर ओरखडे पडतात. मग तो लेथवाल्याकडे नेऊन पाव मिलिमीटर मोठा करतात आणि तेवढाच जाडा पिस्टन घालतात. ६५.२५, ६५.५०, ६५.७५ आणि ६६. आमचा ६६वर आला होता. कॉमर्समध्ये याला घसारा म्हणतात. वापराने मालमत्तेची किंमत दरवर्षी कमी होते, शेवटी वहीत नावाला एक रुपया उरतो. पण मी आकडेमोड केली तेव्हा वेगळंच दिसलं. बोअर ६५चा असताना इंजिन अडीचशे सीसीच्या आत होतं, ६६ला ते २५६ झालं. घसारा होऊन क्षमता वाढणारी ही माझ्या पाहण्यातली एकमेव मालमत्ता. हा मुद्दा मी मिस्त्रींना उत्साहाने सांगितला. ते म्हणाले, "भाऊसाहेब, भिंत पातळ झाली ना पण." पुढे बोअर होणार नव्हता. आत नवा स्लीव्ह ठोकून पुन्हा ६५वर यायचं, एवढाच मार्ग होता.

मग डावीकडचं झाकण काढलं. आत प्रायमरी चेन, बुचाच्या क्लचप्लेटी, आणि झाकणाच्या आतल्या अंगाला, ऑइलच्या कीटाखाली, काहीतरी ओरखडलेलं. रॉकेलने पुसलं. दाभणाने कोरलेल्या तारखा निघाल्या. एकाखाली एक, सुरेख ओळीत.

"बाबांचं अक्षर," मिस्त्री म्हणाले आणि जरा वेळ गप्प बसले.

थोरल्या मिस्त्रींनी प्रत्येक कामाची नोंद ठेवली होती. '१४-३-७४ बोअर २५.' '९-११-८१ बोअर ५०.' '२३-११-८१ बोअर ७५.' '८६ चेन तुटली, केस वेल्ड.' '९२ बोअर १.००.' माझं आयुष्य लेजर तपासण्यात गेलं. त्यामुळे माझा डोळा जिथे जायचा तिथेच गेला. एकाच महिन्यात, चौदा दिवसांच्या अंतराने, एकाच खात्यात तीच नोंद दोनदा! ऑडिटरने बघितलं तर फाईल वरपर्यंत गेली असती. एक बोअर सात-सात, अकरा-अकरा वर्षं चालतो आणि हा मधलाच चौदा दिवसांत संपतो म्हणजे काय?

आणि मग त्या दोन तारखांच्या मध्ये कोणती तारीख येते ते माझ्या लक्षात आलं. १७ नोव्हेंबर १९८१. माझी जन्मतारीख.

मी झाकण तसंच घेऊन आत गेलो. नाना पेपर वाचत होते. म्हटलं, "नाना, ही दुसरी नोंद कसली?"

त्यांनी चष्मा वर केला, झाकण हातात घेतलं, अंगठ्याने त्या ओळी चाचपल्या. मग पेपराची घडी केली आणि बोलू लागले. त्या दिवशी ते किती बोलले ते मोजलं नाही, पण सौ. स्वयंपाकघरातून बाहेर येऊन दाराशी उभी राहिली.

पहिल्या नोंदीची गोष्ट साधी होती. १९७३च्या अखेरीस अरबांनी तेल महाग केलं, इकडे पेट्रोल भडकलं. दोन स्ट्रोकच्या गाडीत पेट्रोलमध्येच ऑइल मिसळावं लागतं. नानांनी काटकसर म्हणून ऑइल निम्मं केलं. मार्चमध्ये पिस्टन धरला. "ऑइलमध्ये वाचवलं त्याच्या दसपट बोअरला गेलं," नाना म्हणाले. अर्थशास्त्राचा हा धडा मला कॉलेजात तीन वर्षांत कुणी इतका नीट शिकवला नव्हता.

नोव्हेंबर १९८१ची गोष्ट त्यांनी सावकाश सांगितली. ९ तारखेला बोअर करून नवा पिस्टन घातला. नवा पिस्टन म्हणजे पहिले हजार किलोमीटर गाडी मुंगीच्या चालीने चालवायची. पिस्टन आणि बोअर एकमेकांना ओळखीचे व्हावे लागतात. थोरल्या मिस्त्रींनी बजावलं होतं, चाळिसाच्या वर काटा न्यायचा नाही. सोळाच्या रात्री आईला कळा सुरू झाल्या. सुईण म्हणाली, मूल आडवं आहे, माझ्याच्याने होणार नाही. गावातून रात्री बाहेर न्यायला एकही गाडी नाही, रेल्वे सकाळची. नाना जावा काढून कोपरगावला निघाले. अठरा-वीस किलोमीटर जाताना, तेवढेच डॉक्टरांना मागे बसवून येताना, पूर्ण ॲक्सिलेटर. "काट्याकडे बघितलंच नाही," नाना म्हणाले. "येताना वेशीपाशी आवाज बदलला. पिस्टन धरायला लागला हे कळत होतं. क्लच दाबला की बंद पडणार. तशीच ओढली. दारात आल्यावर जी बंद पडली ती पडली. पुढे डॉक्टर आत गेले."

पहाटे मी झालो. डॉक्टरांना परत सोडायला बैलगाडी केली होती म्हणे.

"मला कधी सांगितलं नाहीत," मी म्हणालो.

"त्यात सांगण्यासारखं काय? पाव मिलिमीटर गेला." मग थांबून म्हणाले, "तो पिस्टन तुझ्या टेबलावर आहे की."

माझ्या टेबलावर लहानपणापासून एक उलटा पिस्टन आहे, पेनं ठेवायला. त्याच्या बाजूला उभे ओरखडे आहेत. शाळेची, कॉलेजची, बँकेच्या परीक्षेची पेनं मी त्यात ठेवत आलो. हा पिस्टन कुठला, हे विचारायचं मला चव्वेचाळीस वर्षांत सुचलं नाही. मी जाऊन तो सरळ करून बघितला. डोक्यावर '०.५०'.

यानंतरचं काम मी जरा निराळ्या मनाने केलं. क्रँक श्रीरामपूरला पाठवला, कारण कनेक्टिंग रॉड बदलून क्रँक सरळ करणं हे घरच्या ओसरीवर होत नाही. बोअरला स्लीव्ह तिथेच बसला. बाकीचं घरी. ॲल्युमिनियम तापलं की पोलादाच्या जवळजवळ दुपटीने फुगतं. म्हणून बेअरिंग बसवायची ती केस तापवून आणि बेअरिंग गार करून. सौ.च्या फ्रीजरमध्ये कोथिंबिरीशेजारी चार बेअरिंगं रात्रभर राहिली आणि शेगडीवर, दुधाचं पातेलं उतरवून, क्रँककेस चढली. बेअरिंग आपल्या जागी 'टप्' करून पडलं तेव्हा दाराशी उभ्या असलेल्या सौ.च्या तोंडून "अगंबाई!" निघालं. नंतर आठवडाभर चहाला रॉकेलचा वास होता, पण तिने त्याबद्दल एक शब्द काढला नाही.

याच सुमारास शहरातले एक जुन्या गाड्यांचे जाणकार बघायला आले. त्यांनी गाडी वाखाणली, पण केसवरचं ते १९८६चं वेल्डिंग बघून नाक मुरडलं. चेन तुटून केस फुटली होती, ती थोरल्या मिस्त्रींनी कारखान्याच्या वर्कशॉपात जोडली होती. जोड गाठीगाठीचा, काळपट, दिसायला खरंच वाईट. जाणकार म्हणाले, "माझ्याकडे एक स्वच्छ केस आहे, ती घाला. व्हिंटेजला ओरिजिनल दिसायला पाहिजे." पण ज्या अर्ध्या केसवर वेल्डिंग होतं त्याच अर्ध्यावर इंजिनचा नंबरही होता. केस बदलली की नंबर बदलला. म्हणजे दिसायला ओरिजिनल आणि कागदावर दुसऱ्याची.

मिस्त्री पाना पुसत म्हणाले, "साहेब, तुमची केस सुंदर आहे. पण ही फुटलेली आमची आहे."

नानांनी त्या रात्री विचारलं, "ते व्हीए का काय लावल्यावर रोज चालवता येईल ना?" मी नियम काढून वाचला. व्हिंटेज गाडी नेहमीच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरायला, दुरुस्तीला, एवढ्यासाठीच. नाना म्हणाले, "मग काय दसऱ्याला झेंडू वाहायला केली?" वीस हजार वाचले. साधी नोंदणी पुढे चालू करायची ठरवून मी श्रीरामपूरच्या आरटीओच्या अर्जाला लागलो. गावात मी 'पासबुक भरून देणारे' हाच राहिलो.

झाकण बसवण्याआधी मिस्त्रींनी खिशातून दाभण काढलं आणि वडिलांच्या शेवटच्या ओळीखाली आजची तारीख कोरली. पुढे लिहिलं, 'स्लीव्ह. पासष्ट.' इतकी वर्षं झाली, पण आमचं पत्र काही कोरं नव्हतं.

कागदपत्रांचं सगळं उरकल्यावर एका रविवारी किक मारायचा मुहूर्त निघाला. लिटरला चाळीस मिलि ऑइल नानांनी स्वतः मोजून घातलं. १ जून २०१७ रोजी आमच्या गावातून शेतकऱ्यांचा संप सुरू झाला तेव्हा जमली नव्हती इतकी माणसं पडवीत जमली, असं सौ. म्हणते. मी दहा किका मारल्या. एकदा दांडा गिअरचा होऊन नडगीवर बसला. मिस्त्रींनी दहा मारल्या. खुर्चीवर बसून ऐकत असलेले नाना म्हणाले, "पॉइंट केसभर जवळ घे." मिस्त्रींनी घेतला. अकराव्या किकला पडवी धुराने भरली, कोंबडी ओरडत पळाली, आणि तो आवाज आला. तो मी सव्वीस वर्षं ऐकला नव्हता. शिवारातून नाना परतले की तो आवाज वेशीपासून यायचा आणि आई चहाचं आधण ठेवायची. नानांनी मान वळवून स्वयंपाकघराच्या दाराकडे बघितलं. तिथे सौ. उभी होती. ती न सांगता आत गेली आणि तिने आधण ठेवलं.

चहा झाल्यावर नाना मागे बसले. आम्ही अहिल्याबाईंच्या घाटाकडे निघालो. गावातल्या ओळखीच्या चार माणसांनी हात केला. मोकळा रस्ता लागला आणि माझा हात जरा सैल सुटला तसा नानांचा हात खांद्यावर आला.

"सावकाश," ते म्हणाले. "आज डॉक्टर आणायचा नाहीये."